डिजिटल चित्रातील त्वचेचा रंग : बुधवारच्या बाजारातील एका चेहऱ्याच्या निमित्ताने

शाळेच्या रंगपेटीत 'स्किन कलर' नावाचा एक फिकट, गुलाबीकडे झुकणारा खडू असायचा. आमच्या वर्गात त्या खडूच्या रंगाचे कोणीही नव्हते. तरीही चित्रवहीतला शेतकरी, पोस्टमन, आई आणि गुरुजी या सर्वांच्या वाट्याला तोच खडू यायचा. आता माझ्याकडे डिजिटल चित्रकला शिकायला येणारी मुले टॅबलेटवर काम करतात आणि त्यांच्या हाताशी लाखो रंग असतात, पण चेहरा रंगवायची वेळ आली की बहुतेकांचे पेन त्याच खडूच्या आसपास जाऊन टेकते. पात्र सावळे दाखवायचे असेल तर याच रंगात काळा मिसळला जातो आणि मग चेहरा सावळा न दिसता राख फासल्यासारखा दिसतो. ही राख कशी टाळावी, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

उदाहरणासाठी एकच चेहरा घेतो. नाशिकला गोदाघाटावर दर बुधवारी बाजार भरतो. तिथे सकाळी आठच्या सुमारास, निळ्या ताडपत्रीच्या कडेला, गोणपाटावर मेथी, शेपू आणि कांद्याच्या पातीच्या जुड्या मांडून बसलेली पन्नाशीची एक मावशी डोळ्यांपुढे आणावी. ती कोणी एक विशिष्ट बाई नाही. चार-पाच जणींना पाहून वहीत केलेल्या टिपणांतून ती तयार झाली आहे. डोक्यावर पदर, कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात हिरव्या काचेच्या बांगड्या. चेहऱ्याचा डावा भाग कोवळ्या उन्हात आहे आणि उजवा ताडपत्रीच्या सावलीत आहे. या चेहऱ्यात त्वचा रंगवण्यातल्या जवळजवळ सगळ्या अडचणी एकत्र भेटतात, म्हणून मी वर्गातही हाच विषय देतो.

सॉफ्टवेअर कोणतेही चालेल. क्रिता विनामूल्य आहे आणि या कामाला पुरेसे आहे; फोटोशॉप, क्लिप स्टुडिओ पेंट किंवा प्रोक्रिएट वापरणाऱ्यांनाही खालील सर्व गोष्टी थोड्याफार वेगळ्या नावांनी सापडतील. एक तयारी मात्र सर्वांनी करावी: रंग निवडण्याची खिडकी ह्यू, सॅच्युरेशन आणि ब्राइटनेस या तीन पट्ट्यांवर आणून ठेवावी. ह्यू म्हणजे रंगचक्रावरची जागा, जी ० ते ३६० अंशांत मोजली जाते. सॅच्युरेशन म्हणजे रंगाचा भरीवपणा आणि ब्राइटनेस म्हणजे उजेड, हे दोन्ही ० ते १०० मध्ये. पुढे मी रंग सांगताना तीन आकडे याच क्रमाने देईन. स्क्रीनवर रात्रीसाठीचा पिवळा प्रकाश सुरू असेल तर तो आधी बंद करावा. त्या उजेडात निवडलेली त्वचा दुसऱ्या दिवशी निळसर निघते आणि दोष कुठे झाला ते लवकर सापडत नाही.

मूळ रंग कसा निवडावा

माणसाची त्वचा, ती कितीही गोरी किंवा काळी असो, रंगचक्रावर फार फिरत नाही. साध्या उजेडात ती साधारण १५ ते ३० अंशांच्या पट्ट्यात, म्हणजे नारिंगीच्या घरात राहते. बदलतो तो प्रामुख्याने ब्राइटनेस आणि काही प्रमाणात सॅच्युरेशन. गोऱ्या रंगासाठी २२, ३०, ८८ पासून सुरुवात करता येते. गव्हाळ रंगासाठी २४, ४२, ७४. सावळ्यासाठी २०, ५५, ५५. आणि काळ्यासावळ्यासाठी १६, ५८, ३८. हे आकडे डोळ्याला एक आधार मिळावा म्हणून दिले आहेत आणि चित्रातल्या उजेडाप्रमाणे ते हलवायचेच आहेत. पण त्यातला कल लक्षात घ्यावा: रंग गडद होत जातो तसा ब्राइटनेस उतरतो, सॅच्युरेशन चढते आणि ह्यू किंचित लालाकडे सरकतो. नवशिक्यांची चूक नेमकी इथेच होते. ते ब्राइटनेसची पट्टी खाली ओढतात आणि बाकीच्या दोन पट्ट्यांना हात लावत नाहीत.

वैद्यकशास्त्रात १९७५ मध्ये टॉमस फिट्झपॅट्रिक यांनी त्वचेचे प्रकार मांडले आणि आज ते सहा प्रकारांच्या रूपात सर्वत्र वापरले जातात, परंतु ती विभागणी ऊन लागल्यावर त्वचा भाजते की रापते यावर आधारलेली आहे. चित्रकाराला तिचा थेट उपयोग कमीच. समाजशास्त्रज्ञ एलिस मंक यांची दहा छटांची पट्टी गूगलने २०२२ मध्ये खुली केली. गडद छटांना तिच्यात बऱ्यापैकी जागा असल्याने पात्रांचा संच रंगवताना ती शेजारी उघडी ठेवायला हरकत नाही.

मला स्वतःला मात्र या पट्ट्यांपेक्षा मराठीतले शब्द जास्त कामाला येतात. गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा, काळासावळा हे झाले मूळ रंग. त्यांच्यावर आणखी एक थर आपण बोलताना सहज देतो: रापलेला, काळवंडलेला, फिकुटलेला, तुकतुकीत, निस्तेज. हे शब्द एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत आणि चित्रातही त्यांचे रंग एकमेकांच्या जागी चालत नाहीत. 'रापलेला' म्हणजे उन्हाने तांबूस-तपकिरी झालेला, भरीव रंग. त्यासाठी सॅच्युरेशन वाढवावे लागते. 'काळवंडलेला' म्हणजे आजारपणाने किंवा काळजीने उतरलेला. तिथे सॅच्युरेशन कमी होते आणि रंग करड्याकडे जातो. दोन्हींत ब्राइटनेस सारखाच खाली येतो, पण एक चेहरा शेतावरून आलेला दिसतो आणि दुसरा दवाखान्यातून. आमची मावशी सावळी आहे आणि वर रापलेली आहे. तेव्हा मूळ रंग २०, ५५, ५५ घ्यावा आणि राप नंतर वेगळ्या लेयरवर, म्हणजे चित्रावर ठेवलेल्या पारदर्शक थरावर, चढवावा.

त्वचेच्या आत जाणारा उजेड

त्वचा भिंतीसारखी नसते. भिंतीवर पडलेला उजेड पृष्ठभागावरूनच परत येतो; त्वचेवर पडलेला उजेड काही अंशी आत शिरतो, तिथे विखुरतो आणि थोड्या अंतरावरून बाहेर पडतो. वरच्या थरातले मेलॅनिन हे तपकिरी रंगद्रव्य आणि त्याखालच्या थरात वाहणारे रक्त या दोघांतून तो गाळून येतो. निळा उजेड लवकर शोषला जातो, तांबडा अधिक खोलवर जाऊन परत येतो. म्हणून दिव्यापुढे हात धरला की बोटांच्या कडा लाल पेटतात आणि पाठीमागून ऊन आले की कानाची पाळी केशरी दिसते. सावळाराम हळदणकरांचे 'ग्लो ऑफ होप' हे जलरंगातले चित्र मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. हातात दिवा घेतलेल्या त्या स्त्रीने ज्योतीआड धरलेल्या बोटांकडे नीट पाहिले तर हा सगळा परिच्छेद वाचायची गरज उरणार नाही.

चित्र रंगवताना याचा उपयोग एका ठरावीक जागी होतो. ऊन संपून सावली सुरू होते त्या सीमेवर, विशेषतः गालावर, नाकावर आणि बोटांवर, तांबूस रंगाची एक अरुंद पट्टी येते. तिथे सॅच्युरेशन सर्वाधिक असते. मावशीच्या गालावर ही पट्टी १२, ६८, ४८ अशी घेता येईल. ती इतकी अरुंद आणि मऊ असावी की पाहणाऱ्याला ती वेगळी दिसू नये, पण काढून टाकली तर चेहरा मातीच्या मूर्तीसारखा वाटावा. गोऱ्या त्वचेवर ही पट्टी केशरी-गुलाबी दिसते. सावळ्या त्वचेवर ती विटकरी होते. कपाळासारख्या जागी, जिथे कातडीखाली लगेच हाड आहे, ती जवळजवळ नसते.

थर कसे लावावेत

कॅनव्हास निदान ३००० × ४००० पिक्सेलचा घ्यावा. सर्वांत वर रेखाटनाचा लेयर ठेवून त्याखाली चेहरा, मान आणि हात यांचा आकार मूळ रंगाने सपाट भरावा. कडा स्वच्छ असाव्यात आणि आत कुठेही अर्धपारदर्शक भोके राहू नयेत. पुढचे सर्व लेयर या सपाट लेयरला क्लिपिंग मास्कने बांधावेत. क्रितामध्ये हेच काम ग्रुप करून अल्फा इनहेरिट केल्याने होते. म्हणजे ब्रश कितीही मोकळा फिरवला तरी रंग पदरावर सांडत नाही.

थरावर थर देण्याची ही पद्धत संगणकाने आणलेली नाही. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत सुरू केलेला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेला छापखाना हेच करत होता: प्रत्येक रंगासाठी छपाईचा वेगळा दगड, आणि देवीच्या गालावरचा रंग हा अनेक दगडांवरच्या बारीक ठिपक्यांचे थर एकमेकांवर पडून तयार झालेला. त्र्यंबकेश्वरला १८७० मध्ये जन्मलेले दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी या ओलिओग्राफच्या, म्हणजे अशा रंगीत छापील चित्रांच्या, कामात होते. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी असलेल्या फाळके स्मारकाला आपण नाशिककर सिनेमासाठी जातो, पण लेयर शिकवताना मला त्यांच्या आयुष्यातली ही आधीची वर्षेच आठवतात.

सपाट रंगावर पहिला थर सावलीचा देऊ नये. आधी त्वचेचे स्वतःचे रंगभेद काढावेत. चेहऱ्याचे ढोबळमानाने तीन पट्टे पडतात: कपाळ किंचित पिवळसर, मधला पट्टा म्हणजे गाल, नाक आणि कान तांबूस, आणि हनुवटीकडचा भाग थोडा करडा, दाढी करणाऱ्या पुरुषांत हा शेवटचा पट्टा स्पष्टपणे निळसर किंवा हिरवट होतो. मधला पट्टा तांबूस असण्याचे कारण तिथे कातडीलगत रक्ताचा पुरवठा जास्त असतो. मऊ ब्रश, १५ ते २० टक्के अपारदर्शकता, आणि मूळ रंगापासून ह्यू फक्त ५-६ अंश इकडेतिकडे; एवढ्यावर थांबावे. यापुढे गेले की चेहरा नाटकातल्या रंगभूषेसारखा दिसतो.

सावळ्या त्वचेचे आणखी काही भेद असतात जे गोऱ्या चेहऱ्यांवरून शिकवणाऱ्या परदेशी धड्यांत सहसा भेटत नाहीत. डोळ्यांभोवतीचा भाग चेहऱ्याच्या इतर भागापेक्षा गडद आणि किंचित जांभळट असतो. वरचा ओठ खालच्यापेक्षा गडद असतो आणि खालच्या ओठाच्या आतल्या बाजूला गुलाबी छटा दिसते. बोटांची पेरे, कोपरे आणि मानेच्या घड्या अधिक काळसर असतात. लाजल्यावर किंवा रागावल्यावर गालावर येणारा रंग गुलाबी नसतो. तो गडद, मरून छटेचा असतो. सावळ्या गालावर गुलाबी ब्रश फिरवला तर पावडर लावल्यासारखे दिसते. मावशीसाठी यात राप मिळवावा: कपाळाचा वरचा भाग, नाकाचा शेंडा, गालांची हाडे आणि मनगटापर्यंतचे हात ब्राइटनेसमध्ये ६-७ अंकांनी खाली आणि सॅच्युरेशनमध्ये तेवढेच वर. पदराखाली झाकलेली केसांजवळची कड मात्र मूळ रंगाचीच ठेवावी. बांगड्या वर सरकल्या की मनगटावर उजळ पट्टा दिसतो, तोही विसरू नये. माझ्या एका विद्यार्थिनीने एवढा पट्टा काढला आणि ते चित्र वर्गातल्या बाकीच्या चित्रांपेक्षा एकदम खरे वाटू लागले.

सावली

आता मुख्य काम. सावलीसाठी काळा रंग घेणे म्हणजे ब्राइटनेसची पट्टी खाली ओढणे, दुसरे काही नाही. सॅच्युरेशनचा आकडा तोच राहिला तरी अंधारात गेलेला रंग डोळ्याला कमी भरीव वाटतो आणि त्वचा मेल्यासारखी होते. त्यामुळे सावलीकडे जाताना तीन्ही पट्ट्या हलवाव्यात: ब्राइटनेस १५ ते २० अंकांनी खाली, सॅच्युरेशन ५ ते १० अंकांनी वर, ह्यू ८ ते १० अंशांनी लालाकडे. मावशीचा मूळ रंग २०, ५५, ५५ असेल तर साध्या उजेडातली सावली १०, ६२, ३६ होईल. नाकपुडीच्या आत, ओठांच्या फटीत, पदर कपाळाला टेकतो त्या रेषेत उजेड पोहोचतच नाही; तिथे ३५५, ५०, २२ इतके खाली जाता येते. हा शेवटचा रंग एखाद्या कागदावर वेगळा पाहिला तर जवळजवळ काळा वाटेल, पण खऱ्या काळ्याच्या शेजारी ठेवला की त्यातला तांबूसपणा लगेच कळतो.

मल्टिप्लाय मोडच्या, म्हणजे खालच्या रंगाला आपल्या रंगाने गुणून गडद करणाऱ्या, लेयरवर एकाच रंगाने सगळी सावली टाकण्याची सवय पुष्कळांना असते. ती वाईट नाही, वेळही वाचतो, पण त्या लेयरचा रंग करडा नसावा. करड्याने गुणले की वर सांगितलेली चूकच वेगळ्या मार्गाने होते. फिकट, तांबूस-जांभळट रंग, उदाहरणार्थ ३४५, ३०, ६५, घेतला तर त्वचेचा नारिंगीपणा टिकून सावली पडते. त्यानंतर लेयरची अपारदर्शकता कमी-जास्त करण्यापेक्षा त्याचा ह्यू हलवून पाहावा. सावली 'लागली' की नाही हे त्यातून लवकर कळते.

कुंकवाकडेही लक्ष द्यावे. ते वेगळ्या लेयरवर असेल तर सावलीच्या लेयरच्या खाली असले पाहिजे, नाहीतर कपाळ अर्धे सावलीत आणि कुंकू पूर्ण उजेडात, असा स्टिकर चिकटवल्यासारखा प्रकार होतो. शिवाय पिंजर जिथे लावतात तिथे तिची थोडी भुकटी आजूबाजूला उतरते. ती दोन-तीन ठिपक्यांत दाखवावी.

सुरकुत्या काळ्या रेघांनी काढू नयेत. सुरकुती ही एक लहानशी घडी असते. तिला एक उजेडाची कड असते आणि एक सावलीची. सावलीची कड विटकरी-तपकिरी, उजेडाची कड मूळ रंगापेक्षा थोडी वर. रेखाटनाचा लेयरही शेवटी लॉक करून काळ्याऐवजी गडद तपकिरी करावा. उन्हाच्या बाजूला ती रेघ तांबूस केली तर आणखी चांगले.

ताडपत्रीखालची बाजू

इथपर्यंतचे सर्व एकाच उजेडाला धरून होते. मावशीच्या उजव्या गालावर मात्र निळ्या ताडपत्रीतून गाळलेला उजेड आहे. विद्यार्थी इथे सरळ निळा रंग घेतात आणि गाल निळा करतात. नीट विचार केला तर तसे होणार नाही. सावळी त्वचा निळा उजेड मोठ्या प्रमाणात शोषून घेते आणि तांबडा परत पाठवते. ताडपत्रीतून आलेल्या उजेडात तांबडा फारच थोडा असतो. म्हणजे त्वचेला जे परत द्यायला जमते ते तिच्यापर्यंत आलेलेच नाही आणि जे आले आहे ते ती परत देत नाही. परिणामी तो गाल निळा होण्याऐवजी निष्प्रभ, गडद, जांभळट-करडा होतो: ३४०, २२, ३२ च्या आसपास. याच जागी पदर पांढरा असता तर तो स्वच्छ निळा दिसला असता. दोन्ही शेजारी शेजारी रंगवले की पाहणारा ताडपत्री न दाखवताही ओळखतो.

मागे मी राखेबद्दल तक्रार केली आणि इथे स्वतःच करडा रंग सांगतो आहे, हे खरे. फरक असा की उन्हातल्या बाजूला भरीव विटकरी रंग असल्यामुळे हा करडा डोळ्याला थंड उजेड म्हणून वाचता येतो. दोन्ही बाजू करड्या असत्या तर राखच झाली असती.

हाच विचार इतर ठिकाणी लावावा. द्राक्षाच्या मांडवाखाली काम करणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर पानांतून गाळलेला हिरवट उजेड येतो. सावळ्या त्वचेवर तो हिरवा न दिसता शेवाळी-पिवळट दिसतो. सिंहस्थात भगवी वस्त्रे घातलेल्या साधूच्या हनुवटीखाली उलट घडते: वस्त्रावरून उसळलेला उजेड केशरी असतो, त्वचेला तो मानवतो, आणि सावलीतला तो भाग अपेक्षेपेक्षा कितीतरी उबदार होतो. रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाने भरलेल्या हौदात, धप्पा मारून वर आलेल्या मुलाचा चेहरा रंगवण्याच्या फंदात मात्र सुरुवातीला पडू नये. तिथे त्वचेचा रंग, त्यावर चढलेला रंग आणि ओली चकाकी असे तिन्ही एकदम सांभाळावे लागतात.

मावशीच्या हनुवटीखाली मेथीच्या जुड्यांवरून उसळलेला उजेड येतो. ४५, ४५, ३८ असा मातकट हिरवा रंग अगदी थोडा, जबड्याच्या खालच्या कडेला लावावा. नियम एकच: उसळलेला उजेड उन्हातल्या कोणत्याही भागापेक्षा गडद राहिला पाहिजे. तो उजळला की चेहऱ्याला दोन सूर्य मिळतात. घाटाचा काळा दगड स्वतः फारसा उजेड परत देत नाही, म्हणून या चेहऱ्यात खालून येणारा उजेड भाजीपुरताच आहे.

चकाकी

त्वचेच्या अगदी वरच्या पृष्ठभागावरून, आत न शिरता, सुमारे ५ टक्के उजेड आरशासारखा परत येतो. हे प्रमाण गोऱ्या आणि काळ्या त्वचेत जवळपास सारखेच असते आणि या उजेडाला त्वचेचा रंग लागत नाही. तो ज्या उजेडातून आला त्याच रंगाचा राहतो. गोऱ्या गालावर ही चकाकी आजूबाजूच्या उजळपणात बुडून जाते. सावळ्या गालावर ती उठून दिसते. 'तुकतुकीत काळा' असे आपण म्हणतो आणि 'तुकतुकीत गोरा' क्वचितच म्हणतो, त्याचे कारण इथे आहे. म्हणूनच गडद त्वचेत आकार दाखवण्याचे काम सावलीपेक्षा चकाकीवर जास्त सोपवावे. मूळ रंगच ३८ ब्राइटनेसवर असेल तर खाली उतरायला जागा कमी उरते. वर चढायला भरपूर असते. काळाराम मंदिरातली मूर्ती काळ्या पाषाणाची आहे. समईच्या उजेडात तिचा चेहरा कोणत्या रेषांनी कळतो हे एकदा दर्शनाच्या रांगेत पाहावे. तिथे सावल्या दिसतच नाहीत. दिसते ती नाकाच्या कण्यावरची, गालावरची आणि ओठांवरची उजेडाची कड.

मावशीच्या उन्हातल्या बाजूला आधी २५, ४८, ७० या रंगाने कपाळ, गालाचे हाड आणि नाकाचा कणा उजळवून घ्यावा. ही चकाकी नव्हे, हा केवळ ऊन लागलेला भाग आहे. चकाकी त्यावर, वेगळ्या लेयरवर, कडक कडेच्या लहान ब्रशने: उन्हाची ३२, २०, ९० आणि, जिथे चेहरा मोकळ्या आकाशाकडे वळतो तिथे, आकाशाची २१५, १२, ८०, ही दुसरी ३० टक्क्यांपेक्षा अधिक अपारदर्शक नसावी. कपाळाच्या कडेला ही निळसर झाक पडली की सावळा रंग जिवंत होतो. शुद्ध पांढरा कुठेही वापरू नये, अगदी डोळ्यांच्या बुबुळांवरच्या ठिपक्याखेरीज. डोळ्यांचे पांढरेही पांढरे नसते. वरच्या पापणीची सावली त्यावर पडते आणि ते फिकट करडे-पिवळट असते. दातांचेही तेच.

घाम दाखवायचा असेल तर चकाकीचे ठिपके तुटक करावेत. सलग पट्टा काढला तर तेल लावल्यासारखे होते. खालचा रंग झगझगीत उजळवणाऱ्या कलर डॉज मोडचा मोह पडतो, त्याला मर्यादा घालावी. गडद त्वचेवर तो पटकन केशरी डाग पाडतो.

हात

चेहऱ्यावर चार तास घालवून हात दहा मिनिटांत उरकले जातात, असा अनुभव आहे. मावशी जुडी पुढे करते तेव्हा तिचा तळवा दिसतो, आणि सावळ्या माणसाचा तळवा हाताच्या पाठीपेक्षा स्पष्टपणे उजळ असतो. तिथे २०, ४०, ७० चा रंग घ्यावा आणि त्यावरच्या रेषा मात्र गडद तपकिरी ठेवाव्यात. दोन रंगांची सीमा बोटांच्या कडेने जाते. ती मऊ पण ठाम असावी. नखे गुलाबी-तपकिरी. भाजी निवडून निवडून अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या टोकाला बसलेला हिरवट-काळा डाग त्वचेच्या लेयरवर न काढता त्यावर वेगळा काढावा. तो पुसावासा वाटला तर खालचा रंग शाबूत राहतो.

तपासणी

मध्येच दोन-तीन वेळा चित्र कृष्णधवल करून पाहावे. सर्वांत वर काळ्या रंगाने भरलेला एक लेयर ठेवून त्याचा मोड कलर केला की खालचे चित्र करड्या छटांत दिसते. तो लेयर लपवला की रंग परत येतात. करड्या छटांत उन्हाची बाजू आणि सावलीची बाजू एका नजरेत वेगळी कळत नसेल तर रंग कितीही सुंदर असले तरी चेहरा सपाटच आहे. क्रितामध्ये एम ही कळ दाबून चित्र आडवे उलटे करूनही पाहावे.

दुसरी तपासणी शेजाऱ्याची. त्वचा कधीही पांढऱ्या कॅनव्हासवर ठरवू नये. पांढऱ्यावर सावळा रंग असतो त्यापेक्षा गडद भासतो, घाबरून आपण तो उजळवतो, आणि मागे काळ्या दगडाची पायरी आली की मावशी एकदम गोरी होऊन बसते. आधी पार्श्वभूमी आणि साडीचा रंग ढोबळ भरावा, मग त्वचा.

इथे एक जुनी खंत सांगतो. काही वर्षांपूर्वी एका मुखपृष्ठासाठी अशीच एक सावळी बाई रंगवून दिली होती. काम पसंत पडले, फक्त 'थोडी उजळ करता येईल का' असा निरोप आला. मी ब्राइटनेसची पट्टी वर ओढली, दहा अंकांनी, आणि फाइल पाठवून दिली. छापून आल्यावर पाहिले तर चकाकी आजूबाजूच्या रंगात विरघळली होती, विटकरी पट्टी गुलाबी झाली होती आणि चेहरा कुणाचाच राहिला नव्हता. असा निरोप आला तर त्वचेला हात लावण्याऐवजी तिच्यावर पडणारा उजेड वाढवून पाहावा: उन्हाची बाजू रुंद करावी, पार्श्वभूमी एक पायरी गडद करावी. पात्राचा रंग तोच राहतो आणि चित्र उजळते. बहुतेक वेळा मागणी करणाऱ्याला हवे असते ते एवढेच.

फाइल पाठवताना रंगाची प्रोफाइल एसआरजीबी, म्हणजे साध्या स्क्रीनसाठीची सर्वमान्य, ठेवावी. महागड्या टॅबलेटच्या रुंद रंगपटात निवडलेला विटकरी रंग साध्या फोनवर वेगळाच निघू शकतो. छपाईसाठी देणार असाल तर २२ ब्राइटनेसच्या खालचे तपशील कागदावर एकमेकांत मिसळण्याची शक्यता धरून पदराखालची कड आणि नाकपुड्या तीन-चार अंकांनी वर घ्याव्यात आणि एक लहान नमुना छापून घ्यावा. तो नमुना ट्यूबलाइटखाली पाहू नये. दारात, दिवसाच्या उजेडात, आपला स्वतःचा हात त्याच्या शेजारी धरून पाहावा.